शंका आली की लिफ्ट बंद

४ फेब्रुवारी

प्रिय इन्स्पेक्टरबाई,

गोटीचा फोटो पोचला. अगं, काय गाल आहेत! तिला गोटी म्हणायची कल्पना नक्की भाऊजींची. लहानपणी ते स्वतः असेच गरगरीत होते असं सासूबाई सांगतात. फोटो मी टेबलाच्या काचेखाली सरकवलाय. तुझे दादा चष्म्याच्या दुकानातून घरी आले की आधी फोटोकडे बघतात, मग जमलं तर माझ्याकडे.

आपण दोघी जावा भांडायचं सोडून अजून कागदावर पत्रं लिहितो, म्हणून ते हसतात. मी म्हटलं, फोन केला की तिकडून तुमच्या आईचं सुरू होतं, कोण आहे, काय म्हणते, मला पण दे. निम्मं बोलणं गिळावं लागतं. पत्रात मधे कुणी तोंड घालत नाही.

माझ्याकडे नवीन काम आलंय. आमच्या संस्थेत मेंदूचं संशोधन चालतं आणि मी तिथलं ते बोगद्यासारखं मोठं मशीन चालवते, हे तुला माहीतच आहे. आत्तापर्यंत विसरभोळी म्हातारी माणसं यायची. आता आया येतात. दिवस राहण्याआधी एकदा, पोटुशी असताना एक-दोनदा आणि बाळ झाल्यावर पुन्हा, असे त्यांच्या मेंदूचे फोटो काढायचे. अंगठ्या, कानातलं, केसातल्या पिना सगळं बाहेरच्या ताटलीत ठेवायचं आणि आत हलायचं नाही. मशीनचा आवाज म्हणजे कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारतंय असा. म्हातारे वैतागायचे. आया मात्र आत गेल्या की घोरतात! एकीला बाहेर काढलं तर म्हणाली, अजून जरा वेळ ठेवा ना हो आत.

आणि गंमत ऐक. बाईला मूल झालं की तिचा मेंदू चक्क लहान होतो. आमच्याकडेच नाही, बऱ्याच ठिकाणी असं दिसलंय. तुझ्या दादांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आता धाकटीशी वाद घालायला हरकत नाही, जिंकू आपण. तेव्हा जपून हं. लिफ्टचा दोर मोजायला जाशील आणि भलतंच काहीतरी मोजून येशील.

झोप मिळते का? आंघोळ कोण घालतं? सगळं सविस्तर लिही, दोन ओळीत गुंडाळू नकोस.

तुझी,
मोठी


१९ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

सविस्तर लिहा म्हणालात, म्हणून तपासणीच्या क्रमानं लिहिते. गोटी ठणठणीत आहे. वजन वाढतंय, आवाज तर विचारूच नका. आंघोळ पहिल्या दिवसापासून सासूबाईच घालतात. मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी असते. त्या म्हणतात, आत ये की, पाणी काही चावत नाही तुला. पण त्यांचा हात बसलेला आहे, मी कशाला मधे लुडबूड करू? हळूहळू बाटलीचीही सवय लावतेय.

एक बातमी. लांबच्या शहरात एक मोठं इस्पितळ बांधून होतंय. तिथल्या सगळ्या लिफ्ट तपासून, चालू करून द्यायचं काम मला मिळतंय. वर्ष जाईल. माझी रजा अजून संपलेली नाही, पण आधी आलीस तर बरंच, असं साहेब म्हणाले. मी हो म्हटलंय. पुढच्या महिन्याच्या अखेरीस निघायचं. राहायची सोय बांधकामाच्या जागेवरच आहे, तिथे धूळ आणि ठोकठोक. गोटीला नेता येणार नाही. तिला इथेच ठेवीन.

तुम्ही लिहिलंत की मेंदू लहान होतो. कुठला भाग? तो परत पहिल्यासारखा होतो का? आणि तुमच्या मशीनमधला फोटो बघून सांगता येतं का, की ह्या बाईत बिघाड आहे म्हणून? सहज विचारतेय. आमच्याकडे प्रत्येक यंत्राला अशी चाचणी असते.

दादांना सांगा, वाद घालायला कधीही या.

धाकटी


१ मार्च

धाकटे,

डोकं फिरलंय का तुझं?

तीन वेळा वाचलं पत्र. वाटलं, शेवटी कुठेतरी 'गंमत केली' असं असेल. एवढुशी पोर घरात ठेवून तू वर्षभर धुळीत जाऊन राहणार? त्या लिफ्ट काय पळून चालल्यायत? दुसरा कुणी इन्स्पेक्टर नाही का जगात? कामावर जाऊ नकोस असं मी कधी म्हणणार नाही, मी स्वतः आयुष्यभर नोकरी केलीय. पण जाण्याची ही काय घाई!

आणि एक सांगूनच टाकते. परवा सासूबाईंचा फोन आला होता. रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, ती पोरीला जवळच घेत नाही. दूध पाजायला घेते तेही पलंगाच्या मधोमध बसून, चहूबाजूंनी उशा रचून, आणि पाजून झालं की लगेच माझ्या हातात. मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, दमली असेल हो, पहिलंच बाळंतपण आहे. आणि इकडे तुझं हे! मला तोंडघशी पाडलंस.

भाऊजी काय म्हणतात? का त्यांनाही असंच 'एक बातमी' म्हणून सांगितलंस?

तुझ्या मशीनच्या चौकश्या राहू देत. राग शांत झाला की उत्तर देईन.

मोठी


९ मार्च

वहिनी,

डोकं फिरलंय का, असं तुम्ही विचारलंत. मीही तुम्हाला तेच विचारलं होतं. तुम्ही उत्तर राहू दिलंत.

जायचं ठरलंय. कारण सांगितलं तरी तुम्हाला कळणार नाही. ज्यांना मूल झालेलं नाही त्यांना ते कळण्यासारखं नाही.

सासूबाईंना वर्षभर झेपणार नाही. त्यांचे गुडघे बोलायला लागलेत. तेव्हा एक विचारते. गोटीला तुम्ही आणि दादा घ्याल का? वर्षापुरतं म्हणत नाही, कायमचं म्हणतेय. मी नीट विचार करून लिहितेय. घरात अजून कुणाशी बोललेले नाही. तुमच्या हातात ती सुखरूप राहील.

धाकटी


१४ मार्च

इन्स्पेक्टरबाई,

तुझं ते एक वाक्य लागलं मला. आधीच सांगून टाकते, नाहीतर ते पुढच्या प्रत्येक ओळीत डोकावत बसेल. आता झालं सांगून.

गोटीबद्दल जे विचारलंस त्याचं उत्तर आज देत नाही. मला आधी दुसरंच काहीतरी हवंय.

'तुमच्या हातात ती सुखरूप राहील' असं लिहिलंस. मग तुझ्या हातात काय होतं? मी पत्र पुन्हा उघडलं, त्याच्या आधीचंही उघडलं. टॉवेल घेऊन तू दाराबाहेर का उभी राहतेस? चहूबाजूंनी उशा कशाला? जिला पोर नकोशी झालीय ती उशा रचत नाही गं. तिला काय फरक पडतो? मी रागात होते, सासूबाईंच्या रडण्यानं अजूनच चढले, म्हणून मला समोरचं दिसलं नाही. तू बिघाड म्हणालीस, मी ते तुझं नेहमीचं लिफ्टवालं बोलणं समजून पुढे गेले. शिकलेली बाई, मेंदूच्या मशीनवर बसते, आणि हे!

आता सरळ विचारते, तूही सरळ सांग. तुला कसली भीती वाटते? काहीही असलं तरी लिही. मी कुणाला सांगणार नाही, तुझ्या दादांनाही नाही. घाण असलं तरी लिही, वेडंवाकडं असलं तरी लिही. मला मूल नाही हे खरं. पण तू मला आहेस, आणि तुझं मला कळायला हवं.

मोठी


२० मार्च

वहिनी,

आधी त्या वाक्याबद्दल. ते तुम्हाला लागावं म्हणूनच लिहिलं होतं. तुम्ही चिडून गप्प बसाल, जास्त खोदणार नाही आणि गोटीला तेवढं घ्याल, असा माझा डाव होता. फसला. मला माफ करा.

आता सांगते. बसून वाचा.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. लिफ्टच्या वरच्या खोलीत शिरले की माझं डोकं आपोआप सुरू होतं. दोर झिजला असेल तर? ब्रेकनं धरलं नाही तर? दार उघडं राहिलं आणि कुणी न बघता पाय टाकला तर? दिवसभर हेच. हे म्हणतात, किती अभद्र बोलतेस गं. पण त्या अभद्र बोलण्याचाच मला पगार मिळतो.

गोटीला घरी आणलं त्या आठवड्यात तिला घेऊन मी गॅलरीत उभी होते. कोवळं ऊन होतं, ती डोळे किलकिले करत होती. आणि माझं डोकं सुरू झालं. कठडा पुरेसा उंच आहे का? हात सुटला तर? इथपर्यंत ठीक, ते माझं रोजचंच. पण त्याच्या मागून दुसरंच आलं. मी सोडलं तर? सुटलं नाही वहिनी, सोडलं. मीच. आणि नुसतं मनात आलं नाही, डोळ्यांसमोर दिसलं. कसंबसं तिला आत आणून पलंगावर ठेवलं आणि गॅलरीचं दार लावलं. ते दार मी अजून उघडलेलं नाही.

मग आंघोळीच्या टबापाशी तेच. जिन्यात तेच. एकदा भाजी चिरत होते, ती शेजारी दुपट्यात झोपली होती, आणि हातात सुरी. सुरी तिथेच टाकून मी स्वयंपाकघरातून पळाले.

मला तिला काहीही करायचं नाहीये. तुम्हाला पटतंय ना? तिच्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. ती शिंकली तरी माझं काळीज लकलकतं. तरी हे येतं. कितीदा तरी येतं.

आमच्या कामात एक नियम आहे. शंका आली की लिफ्ट बंद. कारण नंतर शोधा. आधी दाराला पाटी लावा, कुलूप घाला, किल्ली खिशात टाका आणि मगच वर जाऊन काय झालंय ते बघा. लोक शिव्या घालतात, म्हातारी माणसं जिने चढून धापा टाकतात, तरी बंद म्हणजे बंद. हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. मग स्वतःसाठी कसा मोडू? मी मला बंद केलं. आंघोळ बंद, गॅलरी बंद, जिना बंद, तिच्याजवळ एकटीनं राहणं बंद. वाटलं होतं, तेवढ्यानं थांबेल. उलट वाढलं. आता एकाच घरात असणंही नको वाटतं. तेवढ्यात ते लांबचं काम आलं.

तुमच्या पत्रात मेंदू लहान होतो असं होतं. वाचून मला बरं वाटलं, खरंच सांगते. वाटलं, चला, बिघाड सापडला. आता नुसतं एवढं ठरवायचं की पोरीला कुठे ठेवायचं.

एवढं लिहून झालं, आता लगेच पाकिटात घालते. आता तुम्ही म्हणाल ते.

धाकटी


२५ मार्च

इन्स्पेक्टरबाई,

परवा तुझं पत्र आलं. काल मी आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन बसले. तुझं नाव घेतलं नाही. त्या ऐकत होत्या, मधेच म्हणाल्या, हे मनात आलं की तिला बरं वाटतं का भीती वाटते? मी म्हटलं, भीतीनं ती मूल सोडून दुसऱ्या शहरात निघालीय. म्हणाल्या, मग हे तिला कळवा.

नव्या आयांना विचारून विचारून अभ्यास झालेत. बाळ पडेल, बुडेल, गुदमरेल असले नको ते विचार बहुतेक सगळ्याच आयांना येतात. आणि 'मीच काही केलं तर' हा जो तुझा आहे, तोसुद्धा जवळजवळ निम्म्या जणींना कधी ना कधी येऊन जातो. निम्म्या गं! आणि असा नकोसा विचार येऊन घाबरणाऱ्या आया मुलाला जास्त इजा करतात, असं त्या अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्यांना तो विचार बरोबर वाटायला लागतो, कुणीतरी तसं करायला सांगतंय असं वाटतं, खरं काय नि खोटं काय ते कळेनासं होतं, त्यांचं वेगळं. त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं लागतं. तुझं तसं दिसत नाही म्हणाल्या. पण ते त्यांनी लांबून ठरवायचं नाही, मी नाही आणि तूही नाही. तुला बघून डॉक्टर ठरवेल. ह्याच आठवड्यात जा, भाऊजींना घेऊन जा. मधेच तसलं काही वाटलं तर आठवड्याचीही वाट बघू नकोस, उठ आणि जा.

आता मेंदूचं. मी गंमत म्हणून अर्धंच सांगितलं आणि तू त्यावर घर सोडायला निघालीस. काही भाग किंचित आकसतात हे खरं, समोरच्याला काय हवंय, काय होतंय हे ओळखायला लागतात त्यांतलेच काही. पण त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. वयात येताना पोरांचाही मेंदू असाच काही ठिकाणी आकसतो. झाड नीट वाढावं म्हणून फांद्या छाटतात ना, तसं काहीतरी ते असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. जिच्यात हा बदल जास्त तिचा बाळावर जीव जास्त, असंही एका अभ्यासात दिसलंय. पुढे थोडं भरूनही येतं. आणि तू विचारलंस, फोटो बघून एखादीत बिघाड आहे का ते सांगता येतं का. नाही सांगता येत. खूप जणींचे फोटो एकत्र केले की कुठे थोडा फरक कळतो. एकटीचा फोटो बघून ती कशी आई आहे ते कुणालाही कळणार नाही. मी रोज काढते ते, मला विचार.

तुझा पाटीचा नियमही डॉक्टरबाईंना सांगितला. त्यांना आधी हसू आलं. म्हणाल्या, लिफ्ट बंद ठेवली तर लिफ्टला काही वाटत नाही. मन तसं नाही. आपण जितकं टाळतो तितकी मनाची खात्री पटत जाते की इथे खरंच धोका आहे. म्हणून तुझं वाढलं. ह्यावर उपचार आहेत, बोलून करायचे, लागल्या तर गोळ्या.

आता गोटीचं उत्तर.

तू तिला देऊ केलंस ते पत्र आलं त्या दिवशी मी काय केलं सांगू? उठले आणि मागच्या खोलीत गेले. शिवणाचं मशीन खिडकीकडे सरकवलं आणि पाळणा कुठे बसेल ते बघितलं. पडदे बदलायचे ठरवले. तुला काय झालं असेल, तू बरी आहेस का, हे मनात यायच्या आधी पडदे आले. आणि मग आणखी एक आलं. धाकटी परत आलीच नाही तर किती बरं! तेवढ्या वेळात मला तू बरी व्हायला नको होतीस. हे मी तुझ्या दादांना सांगितलेलं नाही.

कसली बाई आहे मी? पण बघ. विचार आला, चांगला ठाण मांडून बसला. आणि मी काय केलं? मशीन ओढत परत जागेवर नेलं आणि कागद घेऊन तुला विचारायला बसले की तुझ्या हातात तिला काय होतं. विचार माझाच होता, नाही कशाला म्हणू? पण ऐकलं नाही मी त्याचं. गॅलरीत तूही ऐकलं नाहीस. तू तिला आत आणून पलंगावर ठेवलंस.

गोटीला मी घेणार नाही. मला ती हवी आहे, खूप हवी आहे, म्हणून तर इतकं स्पष्ट सांगतेय. घेणार नाही. तुझी आहे ती.

मोठी


१३ एप्रिल

वहिनी,

गेले डॉक्टरकडे. पण आधी घरातलं सांगते.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते चहा गाळत होते. गाळणं हातात तसंच धरून उभे राहिले, सगळा चहा ओट्यावर. माझं सांगून झालं तर म्हणाले, मला वाटलं तुला मी नकोसा झालोय म्हणून तू चाललीयस. इतके दिवस बिचारे ते समजून बसले होते आणि मला विचारायची हिंमत होत नव्हती. आम्ही दोघंही फडकं घेऊन ओटा पुसत बसलो.

डॉक्टर माझ्याहून लहान दिसतात. पण नीट ऐकून घेतलं. आवाज ऐकू येतात का, कुणी काही करायला सांगतं का, जेवण, झोप, सगळं विचारलं. म्हणाले, हा चिंतेचा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, बरा होतो. एक गोळी दिलीय, बाळाला दूध पाजत असताना चालणारी. आणि दर आठवड्याला एक अभ्यास. विचार आला की पळायचं नाही. उशा रचायच्या नाहीत. मनातल्या मनात 'मी करणार नाही, मी करणार नाही' असं घोकायचंही नाही. त्याला येऊ द्यायचं, आपण आपलं काम करायचं. मी म्हटलं, डॉक्टर, आमच्या धंद्यात असं केलं तर मला घरी बसवतील. ते म्हणाले, तुम्ही लिफ्ट नाही. मी म्हटलं, तपासलंत का? तेव्हा कुठे ते हसले.

सगळ्यात भीती होती ती सासूबाईंची. वाटत होतं, कळलं की पोरीला माझ्या वाऱ्यालाही उभं राहू देणार नाहीत. त्या गोटीचे कपडे घडी करत होत्या. मी सांगत गेले, त्या एकच झबलं पुन्हा पुन्हा उलगडत होत्या नि घडी करत होत्या. मग म्हणाल्या, "तुझे दादा लहान होते ना, तेव्हा कडेवर घेऊन मी जिना बसून उतरायचे. एकेक पायरी, ढुंगणावर. तुझे सासरे हसायचे. मी सांगायचे, पाय मुरगळलाय. वर्षभर मुरगळलेलाच होता मेला."

मी त्यांच्या हातातलं झबलं घेतलं. त्या म्हणाल्या, "सांगणार कुणाला? मला वाटायचं, जगात अशी राक्षसीण मी एकटीच." आणि रडायला लागल्या. आणि वहिनी, मला काय झालं कुणास ठाऊक, मी खो खो हसायला लागले. मग त्या हसायला लागल्या आणि मी रडायला.

तुमच्या पडद्यांचं वाचून राग नाही आला. ते पत्र मी डॉक्टरांना दाखवणार होते, मग नाही दाखवलं. ते माझं आहे.

साहेबांना मात्र अजून 'नाही' कळवलेलं नाही. जायची तारीख जूनवर ढकललीय, एवढंच. उशा काढल्यात, जिना जमतो आता, सासूबाई मागे असल्या तर. आंघोळीचं नाव काढलं की अजून मी टॉवेल उचलून दाराबाहेर जाते. एकटीनं तिच्याजवळ राहणं तर त्याहून लांबचं. जूनपर्यंत तेवढं नाही जमलं तर मी जाईन. खोटी आशा कुणाला दाखवायची नाही मला.

धाकटी


२२ एप्रिल

इन्स्पेक्टरबाई,

सासूबाई! ढुंगणावर! मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं, आपल्या घरात कुणाला कधी भीती-बिती वाटत नाही. बघते आता त्यांच्याकडे.

जूनचं मी काही म्हणणार नाही. जायचं झालं तर जा, बरी हो, परत ये. गोळी मधेच सोडू नकोस, एवढं ऐक.

काल कामावर एक आई मशीनमधून बाहेर आली आणि चप्पल घालता घालता म्हणाली, आत सगळं ठीक आहे ना हो? रोज कुणीतरी विचारतं. मी रोज सांगते, ते डॉक्टर बघतील. काल तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही कशा आहात? बराच वेळ बोलत होती. पुढची बाई बाहेर खोळंबली, साहेब माझ्यावर खेकसले. खेकसू देत.

मोठी


६ जून

वहिनी,

विचार गेले का, असं तुम्ही मागच्या फोनवर हळूच विचारलंत आणि सासूबाई शेजारी होत्या म्हणून मी नुसतं 'हूं' केलं. नाही गेले. डॉक्टर म्हणाले होते, अजिबात येणार नाहीत असं नाही, पण त्यांचा दरारा जाईल. कमी झालेत, आणि येतात तेव्हा लांबच्या पाहुण्यासारखे येतात. चहा विचारला नाही तरी थोडा वेळ बसून जातात.

आज सकाळी साहेबांना फोन करून नाही म्हटलं. ते म्हणाले, विचार केलायस का नीट? मी म्हटलं, फार केला, आता पुरे. रजा संपली की इथल्याच लिफ्ट बघेन.

मग आंघोळ. सासूबाई म्हणाल्या, मी दाराशी उभी राहते. मी म्हटलं, नको, तुम्ही तुमच्या लेकाबरोबर बाजारात जा, चपला घ्यायच्यात ना तुम्हाला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलली. हे जिन्यातून दोनदा परत आले, एकदा किल्लीसाठी, एकदा उगीचच. शेवटी गेले.

पाणी कोपरानं बघितलं. साबण लावल्यावर गोटी इतकी बुळबुळीत झाली की धरवेना. आणि आला तो. सोडलंस तर? घाबरले, खोटं कशाला सांगू. मानेखालचा हात तसाच ठेवला आणि तिच्या कानामागचा साबण धुतला. मग पाठ. मग बोटांच्या बेचक्या. तो केव्हा गेला ते मला कळलंच नाही, कारण तिनं दोन्ही पाय आपटले आणि माझा चष्मा, केस, गाऊन, सगळं भिजवलं. मी तिला ओरडले. पहिल्यांदाच ओरडले हो मी तिला, चांगली आईसारखी.

तुम्ही सुट्टी काढून या. दादांनाही आणा. तिला घेऊन जायला नाही, नुसती कडेवर घ्यायला. वजन बरंच झालंय, हात दुखले तर तक्रार करायची नाही.

अक्षर वाकडं आलंय. डाव्या हातावर ती झोपलीय आणि मला तिला खाली ठेवावंसं वाटत नाही. बाजारातून त्या दोघांना यायला संध्याकाळ होईल. घरात आत्ता आम्ही दोघीच आहोत.

तुमची,
धाकटी